अक्षरी रुपये शून्य फक्त!

रात्रीचे साडेअकरा वाजलेत. कोडोलीतल्या मामाच्या घरात सामसूम आहे, आणि वरच्या खोलीत माझा मामेभाऊ लॅपटॉपसमोर बसून एका अनोळखी माणसाची माफी मागतोय. ‘सॉरी फॉर द डिले, बघतो उद्यापर्यंत.’

‘कोण रे हा, दादा?’

‘काय माहीत. बेंगळुरूच्या कुठल्यातरी कंपनीतला आहे. त्यांच्या इनव्हॉइसवर एकोणऐंशीच्या जागी भलतंच छापून यायला लागलंय म्हणे. अर्जंट लिहिलंय.’

‘मग देतात का काही तुला?’

दादा नुसता हसला. मला माझं उत्तर मिळालं.

प्रकरण असं आहे. बिलाच्या तळाशी ‘अक्षरी रुपये अमुक तमुक फक्त’ अशी ओळ असते ना, ती आकड्यावरून आपोआप तयार करणारा एक छोटासा प्रोग्राम दादानं कॉलेजात असताना लिहिला. मामाचं उसाचं बिल बघून सुचलेला! इंग्रजीत असले प्रोग्राम ढिगानं होते, पण सगळे मिलियन-बिलियनवाले. दादाचा लाख-कोटीवाला, आणि तोही मराठीत. हे वाटतं तेवढं सोपं नाही बरं का. मराठीत शंभरपर्यंत जवळपास प्रत्येक आकड्याचं नाव वेगळं. नियम लावून भागत नाही, यादीच करावी लागते. ती यादी दादानं केली, आणि कोड ओपन सोर्स म्हणून मोकळा सोडला. कुणीही घ्या, वापरा, बदला, पैसे नकोत.

लोकांनी घेतला. वापरला. पैसे दिले नाहीत. यात कुणी काही चुकीचं केलं असंही नाही, दादानंच तसं लिहून दिलं होतं! पण गेली सहा-सात वर्षं दिवसभर पुण्याच्या कंपनीची नोकरी (लॉकडाऊनपासून कोडोलीतूनच) आणि रात्री या परक्यांची फुकट सेवा, असा डबल रोल चाललाय. वहिनी आता माहेरी आहे, सातवा महिना लागलाय. आणि दादानं ठरवलंय की बाळ यायच्या आत दुकान बंद.

‘मग बंद कर की! अडलंय कुठं?’

त्यानं एक मेल उघडून दाखवला. गेल्या आठवड्यात आलेला. कुणीतरी लिहिलंय, मी तुमचा प्रोजेक्ट आनंदानं सांभाळतो, फक्त मला अॅक्सेस द्या. नाव आहे, फोटो नाही. आधी दोन-तीन छोट्या दुरुस्त्या करून पाठवल्यात, त्याही व्यवस्थित.

‘सुटलास की मग!’ मी म्हटलं.

‘एक्सझेडचं ऐकलंयस?’ तो म्हणाला. आणि माझी झोप उडाली.

अर्ध्या सेकंदाची गोष्ट

एक्सझेड हे फायली आवळून लहान करणारं एक टूल आहे. जगातल्या बहुतेक लिनक्स मशीनवर ते असतं. ते सांभाळत होता लासे कॉलिन नावाचा एक माणूस. एकटा, बिनपगारी. २०२२ साली त्याच्यावर मेलचा मारा सुरू झाला. काम इतकं हळू का चाललंय, दुसऱ्या कुणाला का देत नाहीस, वगैरे. त्यानं सरळ लिहून टाकलं की आपली मानसिक तब्येत बरी नाही आणि हा बिनपैशाचा छंद आहे, एवढं लक्षात ठेवा. त्याच सुमारास ‘जिया टॅन’ नावाची एक मदतनीस व्यक्ती हजर होती. नम्र, कामसू. हळूहळू चाव्या तिच्याकडे गेल्या. आणि मार्च २०२४ मध्ये उघडकीला आलं, की या जियानं टूलमध्ये चोरदरवाजा बसवला होता! सापडला कसा? तर आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या इंजिनीअरला आपलं लॉगिन अर्धा सेकंद उशिरा होतंय असं वाटलं म्हणून. नशीब! जिया टॅन नक्की कोण, हे आजवर कुणाला कळलेलं नाही.

आता दादाचा प्रोग्राम काही तेवढा मोठा नाही. पण तो बिलं छापतो. लोकांच्या पैशाचे आकडे त्यातून जातात. तो मेल पाठवणारा बिचारा खरंच सज्जन असू शकतो. तसा तो बहुधा असेलही. पण ओळखायचं कसं?

मला स्वतःची थोडी लाजच वाटली. हा लेख मी लिबरऑफिसमध्ये लिहितेय, फुकट. अक्षरं ‘मुक्ता’ फॉन्टची, तोही मुंबईच्या ‘एक टाइप’ या गटानं केलेला, ओपन लायसन्सवर मोकळा. मी आजवर एक पैसा दिलेला नाही. आणि तरीही मानधनाऐवजी कुणी ‘तुमचं नाव तर होतंय ना’ असं म्हटलं की फ्रीलान्सर म्हणून माझं डोकं फिरतं. आहे की नाही गंमत?

मामाचा कपातीचा फंडा

सकाळी चहाला मामा म्हणाला, ‘त्यात काय नवीन? आमच्या वारणेत झालंच की हे.’

कोडोलीला लागूनच वारणानगर. (पुण्याहून येताना हायवे सोडून वाठारला आत वळायचं. परतताना श्रीखंड घेतल्याशिवाय कुणी जात नाही.) १९९८ मध्ये इथं ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प आला. कोल्हापूर-सांगलीतली ७० गावं, गावोगावी कॉम्प्युटरचे बूथ, सगळे कारखान्याला जोडलेले. खर्च सुमारे अडीच कोटी. निम्मा केंद्राचा, ४० टक्के राज्याचा, १० टक्के वारणेचा. दिल्लीहून माणसं आली, फोटो निघाले. खेड्यात इंटरनेट क्रांती, असं सगळीकडं छापून आलं. शेतकरी मात्र बूथवर यायचे ते ऊस किती टन भरला आणि बिल किती झालं एवढं बघायला!

‘आणायला पैसा हुता,’ मामा म्हणाला. ‘ते चालू ठेवायला कोण देणार, ते कुणी बोललंच न्हाई.’ मशीन जुनी होत गेली, दुरुस्तीचा खर्च वाढत गेला. मग मायक्रोसॉफ्टच्या बेंगळुरूच्या संशोधकांनी इथल्याच सात गावांत आठ महिने एक प्रयोग केला. कॉम्प्युटरऐवजी साधा मोबाइल आणि एसएमएस. तेच काम, कमी खर्चात, आणि शेतकरी जास्त खूश.

मला हे फार पटलं. नवं काही सुरू करायला पैसे मिळतात, कारण त्याची रिबन कापता येते. चालू असलेलं चालू ठेवणं यात फोटो काढण्यासारखं काही नसतं. ओपन सोर्सचं दुखणं नेमकं हेच आहे. ओपनएसएसएलचं बघा. वेबसाइटच्या पत्त्याशेजारी ते छोटं कुलूप दिसायचं ना, त्यामागं बहुतेक ठिकाणी हे सॉफ्टवेअर. २०१४ साली त्यात ‘हार्टब्लीड’ नावाचं भोक सापडलं, तेव्हा जगाला कळलं की या प्रोजेक्टला वर्षाला देणग्या मिळतात जेमतेम दोन हजार डॉलर! मग गुगल, मायक्रोसॉफ्ट, फेसबुक सगळ्यांनी घाईघाईनं लाखांचे चेक फाडले. घर जळाल्यावर विहीर खणायला घेतली, दुसरं काय.

‘तुमच्यात कपात नसती का?’ मामानं विचारलं.

दादा आणि मी एकमेकांकडं बघत राहिलो. कपात म्हणजे उसाच्या बिलातून टनामागं कापून घेतली जाणारी रक्कम. परतीची ठेव, बिनपरतीची ठेव. शेतकरी कुरकुरतात, भांडतात, पण कारखाना त्यावर उभा राहतो. ज्याचा ऊस जास्त, त्याची कपात जास्त. हिशोब साफ. ओपन सोर्समध्ये मात्र सगळ्यात जास्त ऊस घालणारा सगळ्यात मोठा कपातमुक्त!

पैसे येतात तरी कुठून?

तशा वाटा आहेत. एक म्हणजे कंपनीनं पगार द्यायचा. रेड हॅटच्या पुण्यातल्या ऑफिसात ‘लोहित’ फॉन्टवर आणि भारतीय भाषांवर काम व्हायचं, पगारी. मस्त सोय, पण कंपनीचा मूड आहे तोवर. दुसरी वाट मुंबईच्या फ्रॅपेची. रुशभ मेहता यांनी २००८ मध्ये सुरू केलेली ही कंपनी. त्यांचं ईआरपीनेक्स्ट हे धंद्याचा सगळा हिशोब ठेवणारं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. पण ते चालवून द्यायचे, सांभाळायचे पैसे लागतात. कोड मोकळा, सेवा विकत! मला तरी हीच वाट सगळ्यात सरळ वाटते.

तिसरी वाट देणगीची. पाच-दहा डॉलर महिना देणारे भले लोक असतात. दादाला आजवर असा एक भेटला. एकच. आणि २०२४ मध्ये झिरोधानं ‘फ्लॉस फंड’ काढला, वर्षाला दहा लाख डॉलरचा, जगभरातल्या ओपन सोर्स प्रोजेक्टसाठी. एका प्रोजेक्टला दहा हजारापासून एक लाख डॉलरपर्यंत. एका भारतीय कंपनीनं हे करावं याचं मला कौतुक आहे. फ्रॅपे आणि झिरोधाच्या पुढाकारातून फॉस युनायटेड ही संस्थाही उभी राहिलीय, तीही अनुदानं देते.

‘तू अर्ज का नाही करत?’ मी विचारलं.

‘अगं, तिथं मोठमोठी कामं येतात. मी काय सांगू, एकोणऐंशी बरोबर छापतो म्हणून?’

हा आपला कोल्हापुरी संकोच की काय कोण जाणे! जोतिबाच्या यात्रेत लाखोंच्या गर्दीत पुढं घुसेल, पण मेहनतीचे पैसे मागायचे म्हटलं की जीभ जड.

शेवटी संध्याकाळी मामीच्या तांबड्या रश्श्यानं धीर आला असावा. दादानं बेंगळुरूवाल्याला मेल लिहायला घेतला. मी शेजारी बसून ‘सॉरी’ खोडत होते. तीन वेळा खोडलं. दुरुस्ती सवडीनं हवी तर फुकट होईल, अर्जंट हवी तर पाच हजार रुपये. सोबत आयुष्यातलं पहिलं इनव्हॉइस. तळाची ओळ त्याच्याच प्रोग्रामनं छापली : अक्षरी रुपये पाच हजार फक्त.

दुसऱ्या मेलचं, त्या बिनफोटोच्या सज्जनाचं, काय करायचं ते अजून ठरलेलं नाही. दादानं त्याला व्हिडिओ कॉलवर बोलूया का, असं विचारलंय. उत्तर नाही.

बेंगळुरूचं उत्तर मात्र मी वाठारला बसची वाट बघत होते तेव्हाच आलं. दादानं फोनवर वाचून दाखवलं. ‘फायनान्स टीमला विचारून कळवतो. तोपर्यंत फिक्स मिळेल का?’

‘मग? काय लिहिलंस?’

‘अजून काय न्हाई. आधी जेवतो.’