यंत्राचा स्वीकार आणि प्रश्नांची भाषा

माझ्या आजीच्या डाव्या खांद्याजवळ, गळ्याच्या हाडाखाली, कातडीच्या आत एक चपटी डबी आहे. तिचे नाव पेसमेकर. हृदयाचे ठोके मंदावले की ती तारेवाटे विजेचा बारीकसा इशारा देते. 1958 साली स्टॉकहोम येथे आर्ने लार्सन या रुग्णास अशी पहिली डबी बसविली गेली. ती काही तासच चालली. पण पुढे एकामागून एक डब्या बदलीत हे गृहस्थ 2001 पर्यंत जगले! डबी चालते की नाही हे ईसीजी सांगतो. माणसाने ती आपली मानली की नाही, हे मात्र त्यात उमटत नाही.

ते मोजण्यासाठी अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांनी 2005 साली 'फ्लोरिडा पेशंट ॲक्सेप्टन्स सर्व्हे' ही प्रश्नावली प्रसिद्ध केली. नेहमीच्या जीवनाकडे परतणे, यंत्राचा ताण, यंत्राविषयीचे अनुकूल मत आणि शरीराच्या रूपाची चिंता ही तिची चार अंगे. प्रत्येक विधानाला 1 ते 5 गुण.

मानसशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मी ती मराठीत उतरवू लागलो. रीत अशी की, दोघांनी स्वतंत्र भाषांतर करावे, ते जुळवावे, मग मूळ न पाहिलेल्या तिसऱ्याने ते पुन्हा इंग्रजीत न्यावे. मी 'ॲक्टिव्हिटी'साठी 'हालचाल' लिहिले होते. मित्राच्या उलट भाषांतरात ती हातपाय हलविणे होऊन परत आली! तिथे 'नेहमीची कामे' हवे होते. पण उलट भाषांतर बिनचूक आले म्हणजे काम झाले असे नव्हे. ते दोन शिकलेल्यांचे आपसातले जुळणे. रुग्ण त्यात कुठेच नसतो.

दिवाळीच्या सुट्टीत जळगावहून पारोळ्यामार्गे एस.टी.ने धुळ्याला घरी गेलो आणि आजीसमोर कागद घेऊन बसलो. 'उपकरण' म्हणताच तिने विचारले, "ते काय शे?" 'मशीन' म्हटल्यावर समजले. प्रियजनांना आलिंगन देताना जपावे लागते का, हे आजीला विचारायची माझी छाती झाली नाही, "नातवाला उचलताना भीती वाटते का?" असे विचारले. 'शॉक'चा प्रश्न तर गाळलाच. झटका देणारे यंत्र वेगळे. साध्या पेसमेकरवालीला तो शब्द ऐकवणे म्हणजे नवी धास्ती लावणे. 'काही अंशी सहमत' हे तिला पटेना. शेवटी तीच म्हणाली, "बारा आणे खरं." शून्य, चार, आठ, बारा, सोळा : पाच पायऱ्या आयत्याच मिळाल्या!

यंत्रामुळे सुरक्षित वाटते का? "हाव." यंत्राच्या विचाराने कामे टाळतेस का? त्यालाही "हाव." मी मनाशी म्हटले, आजी नातवाचे मन राखते आहे. अशी होकाराची सवय प्रश्नावलीचा मोठा शत्रू. म्हणून काही विधाने उलट्या अर्थाची घालतात. मी तिचा कागद बाजूला ठेवणार, तोच काकू म्हणाली, "अरे, खरंच आहे ते. चक्कीवर दळण घेऊन जात नाहीत त्या आता. मोटरीने मशीन बंद पडेल म्हणतात." चार महिने हे कोणीच डॉक्टरांना सांगितले नव्हते. त्यांनी "बरं आहे ना?" विचारले, आजीने "बरं शे" म्हटले, झाले!

एका आजीवरून प्रश्नावली सप्रमाण ठरत नाही हे उघड आहे. आधी तीस-चाळीस रुग्णांना प्रत्येक विधान काय समजले ते विचारावे लागते, मग शंभर-दीडशे जणांकडून ती भरून घ्यावी लागते. एका अंगातली विधाने एकमेकांशी जुळतात का ते क्रॉनबाखच्या अल्फा गुणांकाने पाहतात, 0.7 च्या वर असला तर बरा मानतात. आणि चिंता मोजणाऱ्या दुसऱ्या प्रश्नावलीत जो घाबरट ठरतो, त्याचा स्वीकार इथे कमी दिसला पाहिजे. आण्यांची मोजणी वापरायची तर तीही नव्याने तपासावी लागेल. शिवाय आपल्याकडे आणखी एक पेच आहे. 2011 च्या जनगणनेत खानदेशी, म्हणजे मुख्यतः अहिराणी, मातृभाषा सांगणारे 18 लाखांहून अधिक होते. त्यांना पुस्तकी मराठी हेही एक भाषांतरच!

पुढच्या तपासणीला मी आजीबरोबर गेलो. डॉक्टर म्हणाले, चक्कीवर खुशाल जा, फक्त मोटरीला छाती टेकवू नका. मोबाइल उजव्या कानाला लावा. परतताना आजीने मला विचारले, "हे तू आधी का नही विचारं?"