विश्लेषण : पुन्हा मूळ रूपात येणारे प्लास्टिक संगणकावर कसे शोधतात?

पावसाळ्यात लोणावळ्याजवळच्या कुरवंडे गावातून नागफणीच्या सुळक्याकडे जाणाऱ्यांची रीघ लागते. माणसे संध्याकाळी परततात; बाटल्या आणि वेफर्सची पाकिटे अनेकदा वाटेवरच राहतात. ती गोळा केली तरी पुढे काय? या प्रश्नाचे एक उत्तर शास्त्रज्ञ आता संगणकावर शोधत आहेत.

आजच्या पुनर्वापरात अडचण काय?

पाण्याची बाटली ‘पेट’ प्लास्टिकची असते. ती सहसा धुऊन, तुकडे करून वितळवली जाते. दर फेरीत प्लास्टिकच्या लांब रेणूसाखळ्या तुटतात आणि दर्जा घसरतो. वेफर्सच्या पाकिटात तर वेगवेगळे थर चिकटलेले असतात. ते सुटे करणेच अवघड. रासायनिक पुनर्चक्रीकरणात साखळी पूर्ण उसवून तिच्या मूळ कड्या, म्हणजे मोनोमर, परत मिळवतात. त्यांपासून नव्यासारखे प्लास्टिक बनते.

संगणक काय मोजतो?

कड्या जुळताना उष्णता बाहेर पडते. ती फार जास्त असेल तर साखळी इतकी पक्की होते, की उसवायला प्रचंड ऊर्जा लागते. फार कमी असेल तर साखळी टिकतच नाही. हवा तो मधला बिंदू. पुंजभौतिकीच्या समीकरणांवर आधारलेल्या सिम्युलेशनने ही उष्णता रेणू प्रत्यक्ष न बनवता काढता येते. अमेरिकेतील जॉर्जिया टेकमध्ये प्रा. रामपी रामप्रसाद यांच्या गटाने २०२३ मध्ये अशी गणिते आणि प्रयोगांतील नोंदी एकत्र करून संगणकाला अंदाज बांधायला शिकवले. अशा पद्धतीने असंख्य काल्पनिक रेणू चाळून मोजकेच प्रयोगशाळेत नेता येतात.

असे प्लास्टिक प्रत्यक्षात बनले आहे?

हो, प्रयोगशाळेत. पाच अणूंच्या वलयाची साखळी सहजी बनत नाही. कोलोरॅडो स्टेट विद्यापीठातील युजीन चेन यांच्या गटाने त्याला दुसरे वलय जोडून किंचित ताण दिला. साखळी खोलीच्या तापमानाला बनली आणि उष्णता किंवा उत्प्रेरकाने पुन्हा मूळ मोनोमरमध्ये आली. हे संशोधन २०१८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

मग कुरवंड्यातील कचरा संपेल?

लगेच नाही. पाकीट ओलावा अडवेल का, स्वस्तात बनेल का, हे उष्णतेच्या एका आकड्यावरून ठरत नाही. शिवाय हे प्लास्टिक आपोआप कुजणारे नव्हे. वाटेवर पडलेले पाकीट तिथेच पडून राहणार. ते उसवायचे तर आधी वेगळे गोळा करून कारखान्यापर्यंत पोहोचवावे लागेल, आणि ते काम संगणक करत नाही.