तारीख विचारणारं यंत्र

आयबीएमचा पहिला पीसी सुरू केला की कामाला हात घालण्याआधी तो आजची तारीख विचारायचा. बंद केल्यावरही चालत राहील असं घड्याळ त्याच्या पोटात नव्हतंच. बटण दाबायचं, मेमरीची तपासणी संपेपर्यंत थांबायचं (मेमरी जितकी जास्त, तितकं थांबणं लांब), एक 'बीप' ऐकायचा. मग फ्लॉपी घरघरायची आणि पडद्यावर हिरव्या अक्षरांत प्रश्न उमटायचा. रोज सकाळी, आणि दिवसात यंत्र जितक्या वेळा नव्याने सुरू करावं लागे तितक्या वेळा. यंत्र चालवणाऱ्या डॉस या प्रणालीच्या पुढच्या आवृत्तीत नुसतं एंटर दाबून सुटका करून घेता यायची. पण मग त्या दिवसाच्या फायलींवर १ जानेवारी १९८० ही तारीख पडायची.

१२ ऑगस्ट १९८१ रोजी न्यूयॉर्कमध्ये हे यंत्र जाहीर झालं. फ्लोरिडातल्या बोका रॅटन इथे डॉन एस्ट्रिज यांच्या गटाने ते साधारण वर्षभरात उभं केलं होतं. वेळ वाचवण्यासाठी प्रोसेसर इंटेलचा, डॉस मायक्रोसॉफ्टचा, प्रिंटर एप्सनचा, असा बाहेरचा माल घेतला होता. किंमत १,५६५ डॉलरपासून सुरू व्हायची खरी, पण त्या पैशांत १६ किलोबाइट मेमरी मिळे. ना पडदा, ना फ्लॉपी ड्राइव्ह. माहिती साठवायची तर कॅसेट रेकॉर्डर जोडा! कचेरीच्या उपयोगाचा, दोन ड्राइव्ह आणि प्रिंटर असलेला रंगीत संच कंपनीच्याच अंदाजाने ४,५०० डॉलरच्या घरात जायचा.

एवढे पैसे मोजून हिशेबनिसाच्या वाट्याला काय येई?

कीबोर्ड दणकट होता, कळ दाबली की ठसठशीत 'कट' वाजायचं. पण डावी शिफ्ट आणि झेड यांच्यामध्ये एक जादा कळ घुसवलेली होती. टाइपरायटरवर तयार झालेली करंगळी सवयीने तिथे पडे आणि मोठ्या अक्षराऐवजी तिरकी रेघ उमटे. त्याहून तापदायक म्हणजे बाण आणि अंक यांच्यासाठी उजवीकडे एकाच कळा होत्या. नम लॉक लावला की त्या आकडे टाइप करत, काढला की कर्सर हलवत. आणि सध्या काय चालू आहे हे दाखवणारा दिवा कीबोर्डवर नव्हता. आकडे भरत भरत रकान्यातून खाली उतरणं हेच ज्याचं दिवसभराचं काम, त्याला तर दोन्ही एकदमच हवं. मग आकडे वरच्या ओळीतून टाइप करा, नाहीतर सारखा नम लॉक बडवत बसा.

हार्ड डिस्क नव्हती. सव्वापाच इंची फ्लॉपीच्या एका बाजूवर १६० किलोबाइट मावत. आजच्या मोबाइलवर काढलेला एक फोटोसुद्धा तिच्यात बसणार नाही. एका ड्राइव्हमध्ये प्रोग्रामची फ्लॉपी, दुसऱ्यात हिशेबाची. प्रोग्राम बदलायचा तर फ्लॉपी बदला. फोल्डर ही सोय १९८३ सालच्या डॉस २.० पर्यंत आलीच नाही, आणि फायलीचं नाव आठ अक्षरांत कोंबावं लागे. त्यामुळे व्यवस्था यंत्रात नव्हे, फ्लॉप्यांच्या खोक्यात ठेवावी लागायची: मार्चची विक्री एकीवर, पगारपत्रक दुसरीवर, प्रत्येकीची नक्कल तिसरीकडे. लेबल लिहितानासुद्धा जपावं लागे. आधी लेबलवर लिहायचं आणि मगच ते चिकटवायचं, नाहीतर बॉलपेनच्या टोकाने आतली चकती दुखावायची.

यंत्र अडकलं तर कंट्रोल, ऑल्ट आणि डिलीट या तीन कळा एकदम दाबायच्या. गटातले अभियंते डेव्हिड ब्रॅडली यांनी ही युक्ती खरं तर प्रोग्राम लिहिणाऱ्यांसाठी ठेवली होती. हात चुकून पडू नये म्हणून कळा मुद्दाम दूरदूरच्या निवडलेल्या. पण तिच्यामुळे मेमरीची ती लांबलचक तपासणी टळायची, म्हणून ती टेबलाटेबलावर पोचली.

इतका जाच लोकांनी सोसला, त्याचं कारण एका प्रोग्राममध्ये होतं. डॅन ब्रिकलिन हे हार्वर्ड बिझनेस स्कूलचे विद्यार्थी. वर्गात फळ्यावर आर्थिक आराखड्याचा तक्ता मांडला जाई आणि एक आकडा बदलला की खालचे सगळे पुसून पुन्हा लिहावे लागत. ते पाहून १९७८ साली त्यांना आपोआप आकडे बदलणाऱ्या तक्त्याची कल्पना सुचली. बॉब फ्रँक्स्टन यांनी तिचा प्रोग्राम लिहिला. १९७९ साली व्हिजिकॅल्क या नावाने तो ॲपल २ वर आला, आणि आयबीएम पीसी बाजारात आला तेव्हा पहिल्या दिवसापासून त्याच्यासोबत होता.

त्याची गंमत कळायला तेव्हाचे व्याजदर आठवावे लागतात. डिसेंबर १९८० मध्ये अमेरिकी बँकांचा प्राइम रेट, म्हणजे पतदार ग्राहकांना लावायचा व्याजदर, साडेएकवीस टक्क्यांवर गेला होता. पुढची दोन वर्षं तो खालीवर होत राहिला. कर्ज काढून माल भरणाऱ्या कंपनीचं वर्षाचं अंदाजपत्रक प्रत्येक बदलाला जुनं व्हायचं. कागदावर ते पुन्हा मांडायचं तर पेन्सिल, खोडरबर, कॅल्क्युलेटर आणि बहुधा अख्खी संध्याकाळ. कंपनीच्या मोठ्या संगणकावर करून घ्यायचं तर संगणक खात्याकडे अर्ज द्या आणि रांगेत थांबा. व्हिजिकॅल्कमध्ये व्याजदर एका चौकटीत लिहिलेला असे. तिथे १८ पुसून १६ टाकायचे, एंटर दाबायचं. जानेवारीचं व्याज आपोआप बदले, मग फेब्रुवारीचं, आणि अखेर डिसेंबरची शिल्लक. '१४ झाला तर?' हे विचारायला आता कोणाची परवानगी लागत नव्हती. साहेबांपुढे एक अंदाजपत्रक नेणारा माणूस तीन घेऊन जाऊ लागला. अर्थात सूत्रात चूक असेल तर तिन्ही सारखीच चुकत, आणि छापून आलेल्या नीटनेटक्या तक्त्यावर शंका घ्यायला सहसा कोणी धजत नसे.

जानेवारी १९८३ मध्ये मिच केपर यांच्या कंपनीचा लोटस १-२-३ हा तसाच तक्त्यांचा प्रोग्राम आला. तो खास आयबीएम पीसीसाठी बेतलेला होता, म्हणून झपाट्याने चालायचा. त्याच आकड्यांचा आलेखही काढून द्यायचा. दाम ४९५ डॉलर. पहिल्याच वर्षात कंपनीची विक्री ५ कोटी ३० लाख डॉलरवर गेली. त्याच वर्षी मार्चमध्ये आयबीएमने १० मेगाबाइटची हार्ड डिस्क असलेला एक्सटी आणला आणि फ्लॉप्यांची अदलाबदल पुष्कळशी थांबली. लोटसची मूळ फ्लॉपी मात्र ड्राइव्हमध्ये घालावीच लागे, कारण चोरून नक्कल होऊ नये म्हणून प्रोग्राम तिची खात्री करून घ्यायचा.

पीसीच्या पेटीत जादा कार्डं बसवायला पाच स्लॉट होते आणि आतली रचना आयबीएमने पुस्तकात छापून टाकली होती. कोणीही कार्ड बनवावं आणि बसवावं. कॉम्पॅकसारख्या कंपन्यांनी तर याच बनावटीचे अख्खे पीसी काढले. भारतातही ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात देशी कंपन्यांचे असे पीसी कचेऱ्यांतून दिसू लागले, आणि मुंबई-पुण्याच्या कॉम्प्युटर क्लासांत डॉस, वर्डस्टार, लोटस, डीबेस हा ठरलेला अभ्यासक्रम झाला. तोवर नावं, पत्ते, हिशेबाचे मथळे बहुतेक सगळं इंग्रजीत. कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेल्या कामातून पुण्याच्या सी-डॅक या संस्थेने भारतीय लिप्या दाखवणारं जिस्ट कार्ड तयार केलं आणि ते अशाच मोकळ्या स्लॉटमध्ये बसू लागलं. नोंदी ठेवणारा डीबेस तोच, कळा त्याच, पण ग्राहकाचं नाव आता पडद्यावर देवनागरीत उमटायचं.