होडी पाण्यात घालणं सोपं, पण परत काढणं?

दोस्तांनो, आधी एक कोडं. पौर्णिमेचा दिवस. सकाळी दहा वाजता तुम्ही खाडीच्या धक्क्यावरून एका छोट्या होडीत उतरलात. उतरलात म्हणजे काय, एक पाऊल टाकलं आणि बसलात, इतकं सोपं. दिवसभर फिरलात आणि संध्याकाळी पाचला त्याच धक्क्यापाशी परत आलात. बघता तर काय! धक्क्याची कड तुमच्या डोक्याच्या कितीतरी वर गेलेली, आणि होडी अन् धक्का यांच्यामध्ये नुसता चिखल. मग धक्का उचलला कुणी?

पालघर, बोईसर, तारापूरकडची मुलं हे वाचून हसतील. धक्का जागच्या जागीच आहे, पाणी गेलं! त्यांच्याकडे चिंचणी-तारापूरपासून नवापूर, मुरबे, सातपाटी करत केळव्यापर्यंत सगळा किनारा असाच आहे. दिवसातून दोनदा समुद्र दारात येतो आणि दोनदा पार दूर जातो. इथले मांगेला, वैती, कोळी समाजातले मच्छीमार पिढ्यान्‌पिढ्या या येण्याजाण्यावर नजर ठेवून होड्या हाकतात. सातपाटीचं पापलेट मुंबईच्या बाजारात नावाजलेलं आहे. पण ते पकडून आणणाऱ्या बोटींनाही सातपाटीच्या खाडीत गाळ साठल्यामुळे बाहेर थांबून भरतीची वाट पाहावी लागते. मोठ्या इंजिनाच्या बोटीची ही गत, तर आपल्या छोट्या होडीची काय कथा!

आज आपण अगदी छोट्या होडीबद्दल बोलू. शिडाच्या कयाकबद्दल. कयाक म्हणजे लांबट, अरुंद, एका-दोघांची होडी. उत्तर ध्रुवाकडचे इनुइट लोक वाहून आलेल्या लाकडांचा सांगाडा करून त्यावर सीलचं कातडं ताणून बसवत. आताच्या कयाक बहुतेक प्लॅस्टिकच्या किंवा फायबरच्या असतात. चारेक मीटर लांब, वजन पंचवीस-तीस किलोच्या आसपास. हातात दोन्ही टोकांना पाती असलेलं वल्हं. पुढे एक बारीक डोलकाठी उभी केली आणि चादरीएवढं शीड लावलं, की झाली शिडाची कयाक. (इंग्रजीत तिचं स्पेलिंग उलटं वाचलं तरी तेच राहतं. लिहून बघा.)

हे काही खेळणं नाही बरं का. ऑस्कर स्पेक नावाचा एक जर्मन तरुण १९३२ साली घडीच्या कयाकमध्ये बसून उल्म गावाहून डॅन्यूब नदीतून निघाला. त्याला जायचं होतं सायप्रसला, काम शोधायला. पण गडी थांबलाच नाही! युफ्रेटिस नदी, इराणचं आखात असं करत तो भारताच्या पश्चिम किनाऱ्याने १९३५ मध्ये श्रीलंकेला पोहोचला, आणि १९३९ मध्ये थेट ऑस्ट्रेलियाच्या टोकाला. तिथल्या पोलिसांनी त्याचं अभिनंदन केलं आणि लगेच अटकही केली. कारण तोवर दुसरं महायुद्ध सुरू झालं होतं आणि तो होता जर्मन. त्याच्या कयाकलाही छोटंसं शीड होतं. पण विचार करा, एवढ्याशा होडीत कुणी महिनोन्‌महिने झोपू शकत नाही. म्हणजे या माणसाने सात वर्षांत किती वेळा होडी किनाऱ्याला लावली असेल आणि किती वेळा पुन्हा पाण्यात लोटली असेल! तेव्हा खरी विद्या आहे ती पाण्यात जाण्याची आणि पाण्यातून परत येण्याची. मधलं वल्हवणं तर दोन-चार दिवसांत जमतं.

आता पाण्याचा हिशेब. एका भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंत साधारण १२ तास २५ मिनिटं लागतात. म्हणजे सुमारे सहा तास पाणी चढतं, सहा तास उतरतं, आणि भरतीची वेळ रोज ५० मिनिटांनी पुढे सरकते. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास पाणी सगळ्यात जास्त चढतं आणि तितकंच जास्त उतरतं, ते उधाण. अष्टमीच्या सुमारास हा चढउतार कमी असतो, त्याला भांग म्हणतात. उधाणाला आपल्या या किनाऱ्यावर पाण्याची पातळी चार-पाच मीटरने वरखाली होते. दीड मजल्याएवढं पाणी! आणि किनारा सपाट असेल तर? समजा, पन्नास मीटर चालल्यावर जमीन एक मीटर खाली जाते. तर पाणी पाच मीटर उतरल्यावर समुद्र किती मागे जाईल? अडीचशे मीटर. एवढं अंतर तीस किलोची होडी चिखलातून ओढायची आहे कुणाला?

आणखी एक गंमत. पाणी सहाही तास सारख्या वेगाने चढत नाही. दर्यावर्दी लोक त्याचे बारा भाग करतात. पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात पुन्हा दोन आणि सहाव्यात एक. एकूण चढ ४.८ मीटर धरला, तर एक भाग झाला ४० सेंटिमीटर. मग तिसऱ्या आणि चौथ्या तासात पाणी तासाला १२० सेंटिमीटर, म्हणजे मिनिटाला दोन सेंटिमीटर चढणार. धक्क्यावर बसून तुम्ही पंधरा मिनिटांत डबा खाल्लात, तर तेवढ्यात तुमची कंपासपेटीतली नव्हे, दप्तरातली एक फुटाची पट्टी उभीच्या उभी बुडाली! उतरतानाही हाच हिशेब.

म्हणूनच भरतीच्या वेळी होडी आखूड दोरीने बांधून घरी गेलात, तर ओहोटीला ती नाकावर लटकलेली दिसेल. ओहोटीला आखूड बांधलीत, तर वर चढणाऱ्या पाण्यात तिचं नाक खाली ओढलं जाऊन ती भरेल. दोरी नेहमी लांब हवी. काही ठिकाणी यावर छान युक्ती असते, तरंगता धक्का. रिकाम्या पिंपांवर फळ्या ठोकायच्या आणि रोवलेल्या खांबाला सैल कडीने अडकवायच्या. पाण्याबरोबर धक्काही वरखाली होतो. त्याची कड पाण्यापासून नेहमी वीत-दोन वीतच वर राहते.

भरती किती वाजता, हे कसं कळायचं? छापील कोष्टकं मिळतात, पण किनाऱ्यावरचा जुना हिशेब त्याहून मजेदार आहे. त्या दिवशीची तिथी घ्यायची आणि तिची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला आठ पाऊणे सहा, सहाच्या सुमारास. पौर्णिमेला सव्वाअकरा. आता वरचं कोडं पुन्हा वाचा! पक्ष शुक्ल असो की कृष्ण, हिशेब तोच, आणि दिवसाला एक व रात्रीला एक अशा दोन भरत्या. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून निघण्यापूर्वी कोष्टक बघायचंच. पण घरी आजोबांना पाऊणकी येते का, ते मात्र जरूर विचारा. हल्लीच्या पुस्तकांतून ती गेली, हे काही बरं झालं नाही.

पाण्यानंतर वारा. भूगोलात मतलई वारे आणि खारे वारे शिकलात ना? रात्री जमीन लवकर थंड होते, म्हणून पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, तो मतलई. दुपारी जमीन तापते आणि वारा समुद्राकडून येतो, तो खारा. शिडाच्या दिवसांत मच्छीमार मतलईवर बाहेर जात आणि खाऱ्यावर घरी येत. ना डिझेल, ना इंजिन! पण नवशिक्याला हाच मतलई दगा देतो. किनाऱ्यावरून पाणी शांत, गुळगुळीत दिसतं. शीड उघडलं की होडी सुसाट बाहेर जाते. जाताना फार मजा वाटते, आणि वळून बघावं तर धक्का काडेपेटीएवढा. म्हणून सुरुवातीला खाडीच्या आतच, आणि मोठं जाणतं माणूस सोबत असतानाच. लाइफ जॅकेट घरून निघतानाच अंगावर. पोहता येतं म्हणून ते सोडायचं नाही.

आता होडीत बसायचं कसं? बुडण्याची वेळ येते ती समुद्रात कमी आणि धक्क्यापाशी जास्त. एक पाय धक्क्यावर, एक पाय होडीत, आणि होडी हळूच लांब सरकतेय, हे चित्र डोळ्यांपुढे आणा म्हणजे झालं. कयाकमध्ये उभं राहायचंच नाही. होडी धक्क्याला समांतर लावा. शीड गुंडाळलेलंच ठेवा. धक्क्याच्या कडेवर बसा, दोन्ही पाय होडीच्या बरोबर मध्यावर ठेवा. वल्हं पाठीमागे आडवं धरा, त्याचं एक पातं धक्क्यावर आणि दांडा होडीवर, म्हणजे तो पूल होतो. मग वल्ह्यावर हात टेकून कंबर खाली सोडा. मधे थांबायचं नाही, अर्धवट बसलेला माणूस हमखास पाण्यात जातो. दोरी सोडायची ती सगळ्यात शेवटी. आणि धक्क्याची बाजू निवडताना वारा तुम्हाला धक्क्यापासून दूर ढकलेल अशी निवडा, नाहीतर वारा होडीला धक्क्यावर घासत ठेवेल. खांबांना कालवं चिकटलेली असतात, त्यांच्या कडा ब्लेडसारख्या असतात. त्यामुळे पायात चप्पल नको, घट्ट बूटच हवेत. चार-पाच होड्यांच्या अंतरावर गेलात, की नाक वाऱ्याकडे करा आणि मग शीड उघडा.

परत येताना सगळं उलट्या क्रमाने. धक्का जवळ दिसू लागला की शीड उतरवायचं. ‘अजून थोडं, अजून थोडं’ म्हणत शिडावर धक्क्यापर्यंत यायचा मोह होतो, पण कयाकला ब्रेक नसतो. मग वल्ह्याने या. कुठल्या बाजूने? वारा आणि पाण्याची धार यांत ज्याचा जोर जास्त, त्याच्याकडे तोंड करून. खाडीत बहुतेक वेळा धारच वरचढ असते. ओहोटी लागली असेल तर पाणी समुद्राकडे धावतं, म्हणून तुम्ही खाडीच्या आतल्या बाजूला तोंड करून या. वल्हवणं जरा कमी केलंत की होडी आपोआप थांबेल. धारेबरोबर आलात तर ती धक्क्यावर आपटेल, नाहीतर पुढे निघून जाईल.

आणि उशीर झालाच, पाणी निघून गेलं, तर? चिखलात उतरू नका. खाडीतल्या गाळात मांडीपर्यंत पाय जातो आणि ओढलं की दुसरा रुततो. होडीतच बसून राहा. पाणी गेलंय तसं ते येणारच आहे. म्हणून पिण्याच्या पाण्याची बाटली, टोपी आणि शिटी होडीत ठेवायची, आणि किती वाजता परत येणार, हे घरी सांगून निघायचं.

होडी वर काढण्याआधी आतलं पाणी उपसा. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. होडीत चाळीस लिटर साठलं असेल तर तुम्ही दुप्पट-तिप्पट वजन उचलताय! दोघांनी दोन टोकं धरा. मोठी लाकडी होडी वाळूवर घ्यायची असेल, तर तिच्याखाली गोल ओंडके टाकतात. होडी पुढे सरकली की मागचा मोकळा झालेला ओंडका उचलून पुढे टाकायचा. घासत नेण्यापेक्षा लोळवत नेणं किती सोपं, ते घरी पुस्तकांच्या गठ्ठ्याखाली चार पेन्सिली ठेवून करून बघा.

तुमच्यापैकी कुणाची खाडीकाठी वाडी असेल, तर मनात आलंच असेल, ‘बाबा, आपणही धक्का बांधू या!’ थांबा जरा. भरतीरेषेजवळचं बांधकाम १९९१ पासून किनारा नियमनाच्या नियमांत येतं, परवानगीशिवाय चालत नाही. मच्छीमारांच्या धक्क्यावर त्यांना विचारल्याशिवाय होडी लावायची नाही. तारापूरच्या अणुवीज केंद्राजवळच्या पाण्यात तर फिरकायचंही नाही. आणि जून-जुलैत समुद्र बंद. तेव्हा किनाऱ्यावर होड्या ओळीने वर ओढून शाकारलेल्या दिसतील. कयाकही गोड्या पाण्याने धुऊन, पालथी घालून ठेवायची.

जाता जाता एक गणित. एका धक्क्यापाशी भरतीच्या आधी दोन तास आणि नंतर दोन तास एवढाच वेळ होडी लागण्याइतकं पाणी असतं. षष्ठीचा दिवस आहे आणि तुम्हाला दुपारी जेवून निघायचंय. लवकरात लवकर किती वाजता निघता येईल, आणि उशिरात उशिरा किती वाजेपर्यंत परतायला हवं? उत्तर काढलंत की डिसेंबरातला सूर्यास्त कॅलेंडरात बघा, आणि ते उत्तर पुन्हा एकदा दुरुस्त करा.