प्राध्यापक, कारखाना आणि आपले गाव

सकाळच्या वेळी अंबरनाथच्या रेल्वे पुलावर उभे राहिले, तर विद्यार्थी महाविद्यालयाकडे, कामगार कारखान्यांकडे आणि दाखल्यासाठी निघालेले नागरिक पालिकेकडे जाताना दिसतात. पूल एक आहे. पुढे मात्र या तिघांची गाठ पडत नाही. आमच्या वर्गात सहकार हा परीक्षेतील दहा गुणांचा प्रश्न असतो, तोही पाठ केलेल्या व्याख्यांच्या आधारे सोडवला जातो.

अशा वेळी धनंजयराव गाडगीळ यांचे स्मरण होते. केंब्रिजमध्ये शिकलेल्या या अर्थशास्त्रज्ञाचा भारताच्या औद्योगिक उत्क्रांतीवरील ग्रंथ १९२४ साली प्रसिद्ध झाला. १९३० साली पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था स्थापन झाली, तिचे ते पहिले संचालक. तेथून त्यांनी पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी केली आणि गोदावरी व प्रवरा कालव्यांच्या लाभांचाही हिशेब मांडला. हा अहवाल १९४८ सालचा. एखादा विद्वान येथेच थांबला असता. गाडगीळ थांबले नाहीत. विठ्ठलराव विखे पाटील यांनी लोणी परिसरातील शेतकऱ्यांना संघटित करून सहकारी साखर कारखान्याचा घाट घातला, तेव्हा त्याचे अध्यक्षपद या प्राध्यापकांनी स्वीकारले. ज्या कालव्यांची पाहणी केली, त्यांच्याच पाण्यावरील उसाचा कारखाना उभारण्याची ही जबाबदारी होती.

यात भावनेचा भाग थोडा, व्यवहाराचा अधिक. खासगी कारखान्यात उसाचा भाव जितका कमी, तितका मालकाचा नफा जास्त. सहकारात ऊस घालणारा सभासदच मालक असल्याने हा विरोध मावळतो. पण त्यासाठी लहान शेतकऱ्याकडून भागभांडवल गोळा व्हावे लागते, कर्ज देणाऱ्याला हिशेबाचा भरवसा वाटावा लागतो. लोकांचा विश्वास विखे पाटलांनी मिळवला. हिशेबाची शिस्त आणि संस्थेची प्रतिष्ठा यांमागे गाडगीळ उभे राहिले. एकाची उणीव दुसऱ्याने भरून काढली.

पुढे ते १९६६ मध्ये पुणे विद्यापीठाचे कुलगुरू आणि १९६७ मध्ये नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष झाले. राज्यांना केंद्रीय साहाय्य वाटण्याचे सूत्र त्यांच्याच नावाने ओळखले जाते. ३ मे १९७१ रोजी दिल्लीहून पुण्याकडे परतताना त्यांचे निधन झाले.

कुणी म्हणेल, साखर कारखानदारीचे नंतर काय झाले हे आपण पाहिले आहे. अनेक कारखाने राजकारणाचे अड्डे बनले. आक्षेप खरा आहे. परंतु जाणत्यांनी आणि पगारदार मध्यमवर्गाने संस्थांकडे पाठ फिरवली की त्या कोणाच्या हाती जातात, हेही त्यातूनच दिसते.

१९४९ साली सिंधमधून आलेल्या निर्वासितांच्या छावणीचे उल्हासनगर झाले. तेथे घराघरांतून लहान उद्योग उभे राहिले. अंबरनाथ-बदलापुरात औद्योगिक वसाहती आल्या. उल्हास आणि वालधुनी या नद्यांनी त्याची किंमत मोजली. या उद्योगांत किती हात राबतात, त्यांना मजुरी काय मिळते, सांडपाणी कुठे जाते, याची पाहणी आमच्या विद्यार्थ्यांनी का करू नये? सहकारी पतपेढीच्या वार्षिक सभेत ताळेबंदावर प्रश्न विचारायला शिक्षकांनी आणि कारकुनांनी का उभे राहू नये?

प्रत्येकाला गाडगीळ होता येणार नाही. पण खडू खाली ठेवल्यावर आपल्या गावाचा हिशेब हाती घेणे कोणालाही अशक्य नाही.