दुधाच्या पिशवीतली नर्सरी

रविवारी उपासनेला यायचं म्हणजे आमच्या मंडळीतल्या निम्म्याअधिक बायका सकाळी उठल्यापासून पाणी पित नसत. चहासुद्धा अर्धाच कप. कारण उघड होतं. चर्चच्या आवारात पुरुषांसाठी भिंतीआडची सोय होती, बायकांसाठी काहीच नव्हतं. उपासना दीड तासाची, तिच्यामागून महिला मंडळाची सभा, मग कुणाच्या तरी घरची स्मरणार्थ प्रार्थना. शुगरची गोळी चालू असलेल्या आमच्या एक मावशी कायम शेवटच्या बाकावर, दाराशी बसायच्या. एकदा मी म्हटलं, "मावशी, पुढे या ना, तिथे पंखा आहे." तर म्हणाल्या, "इथून घरी पळायला बरं पडतं गं."

आमचं गाव अहिल्यानगर जिल्ह्यातलं, तालुक्याचं. २०२३ च्या जूनमध्ये महिला मंडळाच्या सभेत हा विषय पुन्हा निघाला. पंचकमिटीचं उत्तर ठरलेलं, "फंड नाही." मग ठरलं की डिसेंबरात नाताळाआधी चर्चच्या आवारात जो आनंदमेळा भरतो, त्यात आपणच पैसे उभे करायचे.

आता आनंदमेळ्यात बायकांनी पैसे उभे करायचे म्हणजे काय, तर करंज्या, केक, चिकन रोल. पण मैत्रिणींनो, खाण्याच्या स्टॉलचा खरा हिशोब कधी मांडून पाहिलाय? मैदा, तूप, अंडी, गॅस हे सगळं प्रत्येकीच्या घरखर्चातून येतं. ते कुणी लिहीत नाही. संध्याकाळी गल्ला मोजतात तेव्हा आकडा छान दिसतो. त्यातही माझा केक तू घे, तुझ्या करंज्या मी घेते, असं निम्मं गिऱ्हाईक आपणच! म्हणजे पैसा आपल्याच पर्समधून निघून पेटीत पडतो. बाहेरून येतो तो थोडाच.

हे मोकळेपणानं बोलल्या त्या आमच्या निवृत्त शिक्षिका. त्यांच्या गच्चीवर तीसेक कुंड्या आहेत. त्या म्हणाल्या, "पावसाळ्यात एरवीही छाटणी करतेच मी. त्या फांद्या फेकून देण्यापेक्षा लावू या. फांदीला काही पैसे पडत नाहीत." सगळ्या हसल्या. झाडं कोण विकत घेतं? ती तर शेजारणीकडून मागून आणायची असतात, आणि मनीप्लांट तर म्हणे चोरूनच आणावा लागतो! पण बाईंनी ऐकलं नाही. (एक गंमत सांगते. ज्या विल्यम केरी या मिशनरींनी १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण छापलं, त्यांनीच १८२० मध्ये कोलकात्यात शेती आणि बागकामाची संस्था काढली होती. तेव्हा चर्च आणि रोपं ही जोडी आमची नवी नव्हे.)

जुलैच्या पहिल्या आठवड्यात बावीस घरांत काम वाटून दिलं. दुधाच्या पिशव्या धुऊन, खाली चार भोकं पाडून ठेवायच्या. दोन भाग माती, एक भाग वाळू, एक भाग शेणखत. शेणखत जुनंच हवं, वास न येणारं, हातात चुरा होणारं. ताज्या शेणखतातून हुमणी येते आणि ती मुळंच खाते. हे आम्ही एका घरची पंधरा रोपं गमावून शिकलो.

जास्वंद आणि मोगऱ्याची फांदी पेन्सिलीएवढी जाड, साधारण सहा इंच लांब घ्यायची. फार कोवळी सडते. खालची पानं काढायची, वर दोनच ठेवायची आणि दोन डोळे मातीत जातील अशी खोचायची. नवी पालवी दिसली म्हणजे मूळ धरलं, असं समजून आमच्यातल्या उत्साही मुली रोज फांदी उपटून बघायच्या. फांदीतल्या साठ्यावरही पालवी फुटते. महिनाभर हात लावायचा नाही, ही शिस्त लावायलाच आमचा महिना गेला.

कढीपत्त्याची फांदी काही केल्या लागेना. त्याचं बी लावायचं असतं, तेही ताजं. पावसाळ्यात झाडावर काळी पिकलेली फळं दिसतात, ती चोळून गर काढायचा आणि त्याच दिवशी पेरायचं. वाळवून डबीत ठेवलं की संपलं. शिवाय मोठ्या झाडाच्या बुडाशी फुटवे येतात, ते मुळासकट काढून लावता येतात. आम्ही दोन्ही केलं.

स्नेक प्लांटनं तर आमची चांगलीच फजिती केली. पिवळ्या काठाचं पान दिसायला झोकदार, म्हणून आम्ही पानांचे तुकडे करून लावले. तुकड्यांना मुळं फुटली, कोंब आले, पण सगळे साधे हिरवे! पिवळा काठ पानाच्या तुकड्यातून उतरत नाही. तो हवा असेल तर गड्डा फोडूनच वेगळा करावा लागतो. कुठल्याही नर्सरीवाल्याला विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं. आम्ही विचारलं नाही.

आणि त्या वर्षीचा ऑगस्ट! १९०१ पासूनच्या नोंदींत देशातला सगळ्यात कोरडा ऑगस्ट तो. आमच्याकडे नळाला चार दिवसांआड पाणी. घरात धुणी-भांडी कशी करायची हा प्रश्न असताना, "तुमच्या त्या पिशव्यांना पाणी कुठून घालू?" असं घराघरांतून ऐकू येणारच. तांदूळ-भाजी धुतलेलं पाणी बादलीत साठवायचं आणि पिशव्या भिंतीच्या सावलीत एकमेकींना चिकटून ठेवायच्या, एवढं सगळ्यांनी केलं. पाचशेच्या आसपास फांद्या आणि बिया लावल्या होत्या. डिसेंबरात विकण्याजोगी रोपं निघाली तीनशे चाळीस.

नाताळ म्हटलं की लाल पानांचा पॉइन्सेटिया हवाच. मेक्सिकोचं हे झाड, पण आपल्याकडे छान रुळलंय. त्याची पानं लाल होतात ती थंडीनं, असा माझा समज होता. तसं नाही. त्याला रात्र मोठी लागते. ऑक्टोबरपासून सहा ते आठ आठवडे रोज तेरा-चौदा तास सलग अंधार मिळाला तर पानं रंगतात, मध्ये उजेड पडला की हिरवीच राहतात. आम्ही चाळीस रोपं मोठ्या हौसेनं चर्चच्या ओट्यावर, ट्यूबलाइटखाली ठेवली होती, चोरीला जाऊ नयेत म्हणून! नोव्हेंबर संपत आला तरी सगळी हिरवीगार. एका घरी परसात अंधारात ठेवलेली सहाच लाल झाली. त्याच्या फांदीतून पांढरा चीक निघतो, तो कातडीला झोंबतो. छाटताना हातात पिशवी घालावी.

मेळ्याच्या दोन आठवडे आधी सगळी रोपं एका जागी आणली आणि जास्वंदीवर पिठ्या ढेकूण निघाला. पांढरा, कापसासारखा. ती रोपं लगेच बाजूला काढली, जुन्या टूथब्रशनं पुसून घेतली, लिटरभर पाण्यात चमचाभर निंबोळी तेल आणि थोडं साबणाचं पाणी घालून आठवड्याला एकदा फवारलं. जी साफ झाली नाहीत ती टेबलावर मांडली नाहीत. "कोण बघतंय?" असं एकीनं म्हटलं, पण गाव लहान आहे. रोगट रोप विकलं तर पुढच्या वर्षी तीच बाई आपल्या टेबलाकडे पाठ फिरवून जाईल.

तुळस ठेवायची की नाही यावर आमच्यात अर्धा तास चर्चा झाली. शेवटी शेवटच्या बाकावरच्या मावशीच बोलल्या, "खोकल्याचा काढा सगळ्यांच्याच घरात करतात ना?" तुळस ठेवली. देवळाजवळच्या गल्लीतल्या बायकांनी दुपारच्या आत संपवलीसुद्धा.

मेळा ९ डिसेंबरला, शनिवारी. तो आमचा आठवडे बाजाराचा दिवस. सकाळी आम्ही टेबल हॉलमध्ये मांडलं, रंगीत कागद वगैरे लावून. तासाभरात अकरा रोपं गेली, तीही आमच्याच नणंदा-जावांनी घेतली. साडेदहाला बाईंनी टेबल उचलून फाटकाशी, रस्त्याच्या तोंडावर नेलं. बाजाराला निघालेल्या बायका थांबू लागल्या. फुलझाडांकडे बघायच्या आणि घ्यायच्या मात्र कढीपत्ता, गवती चहा, पानांचा ओवा. भजीच्या पानाला एवढी मागणी असेल असं कुणाला वाटलं नव्हतं! मोगरा गेला, तो कळी असलेला आधी. कळी नसलेल्याला 'मोगरा' अशी चिठ्ठी लावूनही कुणी विश्वास ठेवेना.

भाव आम्ही तीनच ठेवले. वीस, पन्नास आणि शंभर. सुट्ट्याची कटकट नाही. घासाघीस तर होणारच, आपणही करतोच की. त्यावर तोडगा असा की भाव कमी करायचा नाही, पण हट्ट धरणारीला ऑफिस टाइमची एक फांदी फुकट द्यायची. ती कुठेही खोचली तरी जगते. बाई खूश, पेटीतले पैसे शाबूत. कॅरीबॅगवर २०१८ पासून बंदी आहे, म्हणून किराणा दुकानातले रिकामे खोके आणून ठेवले होते. प्रत्येक रोपाबरोबर पोस्टकार्डाएवढी चिठ्ठी, त्यावर ऊन किती आणि पाणी कधी. पॉइन्सेटियाच्या चिठ्ठीवर 'चीक लहान मुलांच्या हाताला लागू देऊ नका' हेही लिहिलं.

पैशाच्या पेटीशी दोघीजणी, एक पैसे घेणारी आणि एक पावती फाडणारी. मोबाइलवरून पैसे देणाऱ्यांसाठी क्यूआर कोड लागतोच, पण तो कुणा एकीच्या खात्याचा ठेवायचा नाही, यावर बाई अडून बसल्या. मंडळाचं दोन सह्यांचं बँक खातं आहे, त्याचाच कोड लावला. कुणी शंका घेतली असती असं नाही, पण घ्यायची झाली तर जागाच ठेवली नाही. आणि पावतीवर रबरी शिक्का, 'महिला स्वच्छतागृह निधी'. शिक्क्याला पैसे गेले म्हणून मी तेव्हा कुरकुरले होते.

संध्याकाळी सगळ्यांसमोर मोजणी झाली. दोनशे एक्याण्णव रोपं गेली, जमा १४,२७०. शेणखत, वाळू, शिक्का, पावतीपुस्तक मिळून खर्च १,८५०. हातात राहिले १२,४२०. एवढ्या पैशात संडास बांधून होत नाही, हे आम्हालाही कळत होतं. मिस्त्रीचा अंदाज पंच्याऐंशी हजारांचा होता.

खरी परीक्षा जानेवारीत झाली. कमिटीच्या सभेत सूचना आली की बायकांनी जमवलेले पैसे सध्या कुंपणाच्या रंगाला वापरू, ईस्टरला पाहुणे येणार आहेत, स्वच्छतागृहाचं नंतर बघू. सूचना करणारे वाईट नव्हते, आमच्यातल्याच कुणाचे काका, कुणाचे दीर. आपल्याकडे बायकांनी साठवलेला पैसा म्हणजे घरातला डब्यातला पैसा, अडीनडीला कुणीही काढावा! आमच्या बाजूनं पहिली दोन मिनिटं कुणी बोललंच नाही. मग बाईंनी पावतीपुस्तक टेबलावर ठेवलं आणि म्हणाल्या, "ह्यावर काय छापलंय ते जरा मोठ्यानं वाचा. दोनशेहून जास्त माणसांकडे ही पावती आहे. त्यातले निम्मे चर्चचे नाहीत. त्यांनी आपल्याला रंगासाठी पैसे दिलेले नाहीत." पाळकसाहेबांनी शिक्का वाचला आणि पुढचा विषय घेतला.

ती पावती हातात नसती तर कुंपण रंगलं असतं, अशी माझी खात्री आहे.

२०२४ मध्ये आम्ही शहाणपणानं वागलो. कढीपत्ता आणि गवती चहा दुप्पट, जास्वंद निम्मी, आणि टेबल पहिल्यापासून फाटकाशी. त्या वर्षी २३,६०० उरले. आकडा जाहीर झाल्यावर सिमेंटच्या गोण्या एका दुकानदारानं दिल्या, त्याच्या बायकोनं आमच्याकडून मोगरा नेला होता. २०२५ च्या मे महिन्यात शोषखड्डा खणला, पावसाआधी भिंती आणि पत्रा झाला. दार बसलंय, कडी आतून लागते. वरची पाण्याची टाकी मात्र अजून व्हायची आहे, तोवर दर रविवारी पाळीपाळीनं दोन बादल्या भरून ठेवतो. बादल्यांची यादी हॉलच्या दाराला लावली आहे, त्यात या खेपेला दोन पुरुषांचीही नावं आहेत.

टाकीसाठी पुन्हा पिशव्या धुणं चालू आहे. पॉइन्सेटिया कुठे ठेवायचा हा प्रश्न मात्र सुटला. स्वच्छतागृहाच्या मागच्या भिंतीपाशी रस्त्याचा दिवा पोचत नाही आणि चर्चची ट्यूबही नाही. मावशींनी परवा तिथे विटा लावून जागा करून घेतली, सोळा पिशव्या बसतात.