घरगुती ध्वनिमुद्रण आणि सोलापुरी चादर

सोलापुरात घरी गाणे मुद्रित करणाऱ्या हौशी मंडळींपुढे दोन विघ्ने उभी असतात : बाहेर यंत्रमागांचा खडखडाट आणि आत उघड्या भिंती-फरशीवरून परतणारा नाद. पैकी पहिल्यावर, माग बंद असतील अशी वेळ साधण्याखेरीज, स्वस्त इलाज नाही. परंतु दुसऱ्याचा बंदोबस्त याच शहराची ख्यातनाम चादर पुष्कळ अंशी करू शकते.

मात्र ती भिंतीला चिकटवू नये. भिंतीलगत हवेच्या कणांची हालचाल जवळजवळ शून्य, तर तरंगलांबीच्या चतुर्थांश अंतरावर सर्वाधिक असते. १,००० हर्ट्झच्या स्वराची तरंगलांबी सुमारे ३४ सेंटिमीटर असल्याने, भिंतीपासून आठ-नऊ सेंटिमीटर पुढे, दुहेरी घडी करून, गायकाच्या पाठीमागे टांगलेली चादर अधिक ध्वनी शोषते. डग्ग्याचा खर्ज मात्र तिला दाद देत नाही. त्यासाठी कोपऱ्यांत जाड गाद्यांच्या वळकट्या उभ्या करण्याची तजवीज करावी.

मायक्रोफोन गायकापासून वीतभर अंतरावर ठेवावा, कारण मोकळ्या हवेत अंतर दुप्पट होताच थेट ध्वनी सुमारे ६ डेसिबलने घटतो, खोलीचा घुमारा मात्र बहुधा तेवढाच राहतो. मुद्रणाची कमाल पातळी उणे १२ डेसिबलच्या आसपास राखावी आणि पंखा अवश्य बंद करावा.